घोडा, कुंपण आणि सेकंदाचा अंश

मराठी भाषेत घोड्यासंबंधीच्या शब्दांची जी समृद्धी आहे, ती दुसऱ्या कोणत्या जनावराच्या वाट्याला क्वचितच आली असेल. पागा, तबेला, चंदी, खरारा, मोतद्दार, बारगीर, शिलेदार, खोगीर, रिकीब, तंग ही यादी कितीही लांबविता येईल. दीड-दोन शतके ज्या समाजाने आपले राजकारण घोड्याच्या पाठीवर बसून केले, त्याच्या भाषेत ती असणे स्वाभाविकही आहे. परंतु इंग्रज ज्यास 'पॅडॉक' म्हणतो, म्हणजे घोड्यास मोकळे चरता यावे म्हणून चहूबाजूंनी कुंपण घातलेला गवताचा तुकडा, त्यास आपल्याकडे चपखल शब्द नाही. 'कुरण' म्हणावे तर त्यात कुंपण येत नाही, आणि 'कोंडवाडा' म्हणावे तर त्यात शिक्षा येते. शब्द नाही, कारण ती वस्तूच आपल्या व्यवहारात नव्हती. मराठ्यांचा घोडा मेखेला बांधला जाई. पुढून आगाडी, मागल्या पायांना पिछाडी, समोर दाणावैरण. छावणी उठली की मेखा उपटाव्यात आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा ठोकाव्यात. अशा घोड्यास कुंपण मोडण्याची संधी कोठून मिळणार? कुंपणानेच शेत खाल्ल्याची म्हण आपण वापरतो. घोड्याने कुंपण खाल्ल्याची म्हण आपल्यात झाली नाही, याचे कारण हेच.

इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत मात्र घोड्याने कुंपण खाणे ही अश्वपालकाची रोजची कहाणी आहे, आणि 'खाणे' हा शब्द आम्ही येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. लाकडी खांबांवर आडव्या फळ्या ठोकून केलेले कुंपण दिसावयास अत्यंत देखणे. अमेरिकेतील केंटकी प्रांताच्या चित्रांत हिरव्या टेकड्यांवरून लांबच लांब जाणाऱ्या त्या फळ्यांच्या रांगा वाचकांनी पाहिल्या असतील. पण ज्याच्यासाठी ते बांधावयाचे तोच त्याचा पहिला शत्रू. घोडा फळीची वरची कड दातांनी कुरतडतो, आणि काही महिन्यांत चौकोनी फळीची मधोमध झिजलेली धनुकली होते. अंगाला खाज सुटली की तो शेपटीचे मूळ खांबावर घासतो, आणि चारपाचशे किलो वजनाचे जनावर रोज घासू लागले म्हणजे खांब कितीही खोल पुरलेला असो, तो हलतोच. शिवाय पलीकडचे गवत! आपल्या बाजूला गुडघाभर चारा असला, तरी घोडा मान लांब करून पलीकडचाच घास घेणार, आणि तो घेताना छातीचा सारा भार वरच्या फळीवर टाकणार. शेजारच्या कुरणात दुसरा घोडा असला तर ओळखपाळख, रुसवेफुगवे आणि लाथा, सारे काही त्या फळीवरूनच व्हावयाचे.

या कुरतडण्याचे कारण घोड्याच्या शरीररचनेत आहे. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान, आणि निसर्गाने त्यास दिवसाच्या चोवीस तासांपैकी चौदा ते सोळा तास चरत राहण्यासाठी घडविलेले. माणसाने त्यास सकाळ-संध्याकाळ मापून दाणा दिला, गवत मोजके टाकले, आणि उरलेला वेळ चार फळ्यांच्या आत उभे केले. दाण्याने पोट भरते. दातांची भूक भागत नाही. लांब धाग्याची वैरण कमी पडली, हवा थंड व ओली असली, करावयास काही नसले, म्हणजे दात लाकडाकडे वळतात. याहून निराळा एक दुर्गुण आहे. त्यात घोडा फळीची कड पुढच्या दातांत धरून मान ताणतो आणि घशात हवा ओढतो. तो एकदा लागला की सहसा सुटत नाही. दोहोंत लाकडाचा नाश होतो, परंतु पहिला भुकेचा प्रकार आहे आणि दुसरा सवयीचा. हा भेद ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग आहे.

फळ्या बदलणे खर्चाचे. दगडी भिंत पक्की, पण प्रत्येक देशात दगड फुकट मिळत नाही, आणि काटेरी झुडपांची वई दाट व्हावयास वर्षे लागतात. अमेरिकेतील मधल्या सपाट प्रदेशात तर लाकूडही नव्हते आणि दगडही. तेथेच 1874 साली इलिनॉय प्रांतातील डीकाल्ब गावच्या जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने काटेरी तारेचे आपले एकस्व मिळविले, आणि अल्पावधीत हजारो मैल जमीन तारेने वेढली गेली. गाईबैलांपुरता हा उपाय साधला. बैल काट्याला टेकतो, मागे सरतो, विचार करतो. घोडा विचार करीत नाही; तो पळतो. भय वाटले की पळावे, एवढीच त्याच्या जातीची हजारो वर्षांची युद्धनीती. तारेत पाय अडकला की तो दुप्पट जोराने ओढतो. त्याच्या गुडघ्याखालच्या भागात मांस जवळजवळ नाहीच, कातडीच्या आत थेट स्नायुबंध आणि हाड. तेथली जखम लवकर भरत नाही, आणि भरू लागली की तिच्यावर फाजील मांस वाढते. काटेरी तारेने घोड्याचे कुंपण वाचविले खरे, परंतु घोडा गमावून.

लाकूड घोडा खातो आणि काटा घोड्यास खातो, या पेचातून विजेची तार आली. पण ती कुरणात येण्यापूर्वी जेथून आली तेथला वृत्तान्त सांगितल्याविना पुढे जाता येत नाही. विजेच्या कुंपणाची कल्पना आरंभी केवळ राखण्याची नव्हती, ती मारण्याचीही होती. मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदी लेखकाने 1889 साली प्रसिद्ध केलेल्या 'अ कनेक्टिकट यांकी इन किंग आर्थर्स कोर्ट' या कादंबरीत विद्युत्प्रवाह सोडलेल्या तारांचे कुंपण येते, आणि त्याला स्पर्श करून चिलखती सरदार मरून पडतात. ती लेखकाची कल्पना होती. 1915 साली ती खरी ठरली. पहिल्या महायुद्धात बेल्जम व्यापून बसलेल्या जर्मन सैन्याने, तटस्थ हॉलंडकडे पळून जाणाऱ्यांस अडविण्यासाठी, दोन्ही देशांच्या सीमेवर 300 किलोमीटरहून अधिक लांबीचे तारेचे कुंपण उभारले आणि त्यात सुमारे 2000 व्होल्ट दाबाची वीज सोडली. तेथील लोक त्यास 'मृत्यूची तार' म्हणू लागले. सीमेवरील खेड्यांतून वीज म्हणजे काय हे पुष्कळांना ठाऊक नव्हते. दिव्यासाठी जी कधी घरात आली नव्हती ती प्रथम आली ती अशी, शेताच्या बांधावर, गुपचूप. तार दिसावयास साधी तारच. आवाज नाही, धूर नाही. तिच्यावर निर्वासित मेले, सैन्यात दाखल होण्यासाठी निघालेले तरुण मेले, पत्रे पोचविणारे मेले, आणि एखाद्याला सोडवावयास हात पुढे केलेला दुसराही मेला. मेलेल्यांची संख्या शेकड्यांनी होती. लोकांनी पुढे रबराने मढविलेल्या लाकडी चौकटी तारांमध्ये सरकवून त्यांतून पलीकडे जाण्याची युक्ती काढली. माणसाने माणसाविरुद्ध उभारलेले हे कुंपण युद्ध संपताच उखडले गेले.

हीच वीज पंधरा-वीस वर्षांत वासरांच्या आणि शिंगरांच्या नाकाशी आली, आणि ती जीव घेत नाही असा भरवसा शेतकऱ्यास देण्यात आला. तो भरवसा कोठून आला? आमच्या मते विजेच्या कुंपणाचा खरा इतिहास या प्रश्नाच्या उत्तरात आहे. तारेत वीज प्रथम कोणी सोडली या प्रश्नाच्या उत्तरात नाही.

लोकांस आवडणारी गोष्ट मात्र दुसरी आहे, आणि ती गोड असल्यामुळे सांगितली पाहिजे. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील वायकाटो प्रदेश म्हणजे दूधदुभत्याचा देश. तेथील हॅमिल्टन गावी बिल गॅलाघर नावाचा एक हरहुन्नरी तरुण राहत असे. त्याच्याजवळ एक मोटारगाडी होती आणि 'जो' नावाचा एक घोडा होता. जो यास मोटारीवर अंग घासण्याची मोठी आवड. ज्या यंत्राने घोड्याचे सारे महत्त्व हिरावून घेतले, त्याच यंत्राचा घोड्याने खाजेच्या खांबासारखा उपयोग करावा, यात आम्हास काव्यगत न्याय दिसतो. गॅलाघरास तो दिसला नसावा. त्याने मोटारीच्या इंजिनात ठिणगी पाडणारे वेटोळे घेतले आणि अशी जुळणी केली की घोड्याने गाडी हलविली की मंडल जुळावे आणि घोड्यास झटका बसावा. जोने तो नाद सोडला. ही गोष्ट 1930 नंतरच्या दशकातली. मोटारीस जे लागू पडले ते कुंपणास का लागू पडू नये, असा विचार पुढे झाला, आणि 1938 पासून गॅलाघर यांचा विजेच्या कुंपणाची यंत्रे करण्याचा उद्योग सुरू झाला. तो आज जगभर पसरलेला आहे.

अमेरिकेतही याच दशकात शेताशेतांतून विजेच्या तारा ताणल्या जाऊ लागल्या होत्या, परंतु तेथील आरंभ इतका विनोदी नव्हता. 1935 साली तेथे ग्रामीण विद्युतीकरणासाठी सरकारी यंत्रणा स्थापन झाली, खेडोपाडी वीज पोचू लागली, आणि ज्याच्या घरी वीज आली त्याने ती कुंपणातही नेली. कोणी बॅटरी व वेटोळे जोडून, तर कोणी घरातल्या विजेच्या तारेला मध्ये एखादा दिवा जोडून थेट. दुसऱ्या प्रकारच्या घरगुती युक्तीने गुरे मेली, माणसेही मेली. मग जे व्हावयाचे ते झाले: समित्या बसल्या, नियम झाले, प्रयोगशाळांस कामे मिळाली. विजेच्या उपकरणांची सुरक्षितता तपासणाऱ्या 'अंडररायटर्स लॅबोरेटरीज' या संस्थेने 1939 साली विजेच्या कुंपणाच्या अनुषंगाने विजेच्या धक्क्याविषयी एक संशोधनपत्रिका प्रसिद्ध केली. आमचा जन्म टिपणांवर टिपणे चढविण्यात आणि मसुद्यावर मसुदे करण्यात जावयाचा असल्यामुळेच की काय, पण जोच्या गोष्टीपेक्षा या रुक्ष पत्रिकेचे मोल आम्हास अधिक वाटते. घोड्याचे नाव इतिहासात राहिले. ज्यांनी आकडे मांडून 'येथपर्यंत झटका, येथून पुढे मृत्यू' अशी रेषा आखली, त्यांची नावे कुंपण घालणाऱ्या शेतकऱ्यास कोणी सांगत नाही.

ती रेषा कोणती ते थोडक्यात सांगतो. माणूस विजेने मरतो तो केवळ व्होल्ट अधिक असल्यामुळे नव्हे. शरीरातून प्रवाह किती जातो आणि किती वेळ जातो, यावर जीव जातो की राहतो ते ठरते. घरातल्या विजेचा दाब हजारांत नसून दोन-अडीचशे व्होल्टच, तरी ती मारते, कारण ती अखंड वाहते. तिने हाताचे स्नायू आवळले जातात आणि धरलेली तार सोडवत नाही. तेवढ्या अवधीत हृदयाचा ठेका बिघडतो आणि ते नुसते थरथरत राहते. याउलट प्रवाह अत्यंत अल्पकाळ देऊन लगेच तोडला, तर वेदना होते, अंग दचकते, आणि पुढचा ठोका येण्यापूर्वी जनावर बाजूला होऊ शकते. आजच्या कुंपणयंत्रातून निघणारा ठोका काही हजार व्होल्टांचा असतो, पण तो टिकतो सेकंदाच्या सुमारे तीन हजाराव्या भागाएवढा. आणि दोन ठोक्यांत सुमारे एक सेकंद संपूर्ण शांतता. 'मृत्यूची तार' आणि शिंगराच्या नाकाला शिकविणारी तार यांच्यात धातूचा फरक नाही, व्होल्टांचाही म्हणावा तसा नाही. फरक आहे तो त्या एका सेकंदाच्या शांततेचा.

पहिल्या यंत्रांत ही शांतता लंबकाने किंवा हेलकावणाऱ्या चाकाने साधली जाई. लंबक अडकला की शांतताही संपली! न्यूझीलंडात कुंपणयंत्र घरच्या विजेवर चालविण्यास बराच काळ कायद्याने मनाई होती आणि बॅटरीवरच भागवावे लागे, यात आश्चर्य नाही. बॅटरीच्या दुबळ्या यंत्रांची दुसरी अडचण गवताची. ओले पाते तारेला टेकले की त्यातून वीज जमिनीत पाझरे, आणि शंभर पाती टेकली की घोड्यापर्यंत काहीच पोचत नसे. यामुळे काही शे मीटरपलीकडे कुंपण नेण्यात अर्थ नव्हता. 1960 नंतरच्या दशकाच्या आरंभी तेथील डग फिलिप्स यांनी यावर उपाय काढला. त्यांच्या यंत्रात वीज कंडेन्सरमध्ये साठते आणि एकदम रिकामी होते. बारीक धार कोरड्या पाटात सोडली तर वाटेतच जिरते. तेच पाणी हंड्यात साठवून हंडा एकदम उपडा केला तर पुढे पोचते, तसाच हा प्रकार. गवताने आपला वाटा घेतला तरी झटका उरतो. कुंपणाची मजल शेकडो मीटरांवरून कित्येक किलोमीटरांवर गेली. घरच्या विजेवर यंत्र चालविण्याची मनाईही न्यूझीलंडात याच सुमारास उठली.

आता पुन्हा फळ्यांकडे वळू. घोड्यांच्या कुरणात लाकडी कुंपण काढून टाकीत नाहीत. त्याच्या आतल्या बाजूस, वरच्या फळीच्या कडेने, बोटभर अंतर राखणाऱ्या विद्युत्‌रोधक आधारांवर एक तार ओढतात; कोठे छातीच्या उंचीवर दुसरी. बस्स. घोडा कुतूहलाने नाक पुढे करतो, ओलसर नाकपुडीला ठोका बसतो, तो चार ढांगा मागे उडतो आणि फुरफुरत उभा राहतो. घोड्यास हा झटका गुरांपेक्षा अधिक झोंबतो. त्याची कातडी पातळ, आणि पायाला लोखंडी नाल असेल तर जमिनीशी संपर्क उत्तम. एक-दोन प्रसंग पुरतात. त्यानंतर तो फळीला ओठही लावीत नाही, खांबावर शेपटी घाशीत नाही, पलीकडच्या घोड्याशी बोलतो ते हातभर अंतर ठेवून. आजवर कुंपण घोड्याच्या बळाशी झुंजत होते, आता ते त्याच्या स्मरणशक्तीवर उभे राहते. लाकूड तेच, पण त्याचे काम आता उरले ते दिसण्याचे.

आणि दिसणे ही लहान बाब नव्हे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने त्यास सभोवारचे पुष्कळ दिसते, परंतु कपाळासमोरचे अगदी जवळचे दिसत नाही. बारीक तार तर धावताना दिसतच नाही. म्हणून लाकूड नसलेल्या कुरणात घोड्यासाठी नुसती तार ओढणे धोक्याचे. हल्ली प्लॅस्टिकच्या धाग्यांत धातूचे सूक्ष्म तंतू विणून दोन-तीन बोटे रुंद पांढरी फीत करतात. ती वाऱ्यावर हलते, दुरून दिसते, आणि घोडा वेगाने येऊन आदळलाच तर बहुधा त्यास कापण्याआधी स्वतः तुटते.

अश्वपालक या उपायावर संतुष्ट आहेत. आम्ही मात्र त्यांच्या संतोषात पूर्णपणे सहभागी होऊ शकत नाही. वर जो भेद ध्यानात ठेवावयास सांगितला तो येथे उपयोगी पडतो. झटक्याने फळी वाचते. फळीकडे दात वळविणारी भूक तशीच राहते. वैरण वाढविली नाही, घोड्यास सोबती दिला नाही, त्याच्या रिकाम्या तासांचा विचार केला नाही, तर तो तबेल्याच्या दाराकडे वळेल, झाडाच्या सालीकडे वळेल. आणि ज्यास हवा ओढण्याची सवय जडली आहे, तो जेथे तार नाही अशी कड शोधून काढील. तारेने घोड्यास 'येथे नको' एवढेच सांगता येते. 'मग कोठे?' याचे उत्तर मालकाने द्यावयाचे असते, आणि ते गवताच्या भाऱ्यांत मोजावे लागते.

आपल्या देशात विजेचे कुंपण आले ते घोड्यांसाठी नव्हे. हत्ती, नीलगाय, रानडुक्कर यांच्यापासून पीक राखण्यासाठी ते आले. सूर्यप्रकाशावर चालणारी, ठोका आणि शांतता नेमाने पाळणारी यंत्रे आज मिळतात, त्यांवर सरकारी अनुदानही मिळते. पण यंत्रास पैसे पडतात, आणि शेतावरून गेलेल्या तारेवर आकडा टाकावयास पडत नाहीत. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या बाजूंस रानडुकरांसाठी थेट वीज सोडलेल्या तारेवर वाघ मेल्याच्या, आणि रात्री पाणी धरावयास निघालेला शेतकरी मेल्याच्या वार्ता आपण वर्षानुवर्षे वाचीत आलो आहोत. ओडिशात हत्ती असेच मरतात. गुन्हा नोंदला जातो, वीजचोरीचे कलम लागते, प्रेताचा पंचनामा होतो. आपल्याकडे तार आली, वीज आली. 1939 सालच्या त्या रुक्ष पत्रिकेत मांडलेला विचार मात्र अद्याप पुष्कळ बांधांवर पोचावयाचा आहे. ज्याचे अख्खे पीक एका रात्रीत उकरले जाते, त्यास केवळ कलमे वाचून दाखविणे आम्हास पुरेसे वाटत नाही. त्याच्या हाती ते यंत्र पोचले पाहिजे, आणि ते बिघडल्यास दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या गावी असला पाहिजे.

यंत्र पोचले तरी एक गोष्ट राहते, आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. झटका बसावयाचा तर वीज जनावरातून जमिनीत आणि जमिनीतून यंत्राकडे परत गेली पाहिजे. त्यासाठी यंत्राजवळ लोखंडी पहारीसारख्या कांबी खोल पुरतात. वायकाटोची जमीन बारमाही ओली, तेथे हे सहज साधते. जेथे उन्हाळ्यात भुई तडकते तेथे कोरडी माती वीज वाहून नेत नाही. तार जिवंत असते, यंत्र टकटक करीत असते, आणि घोडा खुशाल फळी कुरतडीत उभा असतो. अशा मुलखात दोन तारा ओढतात, एक जिवंत आणि एक कांबींना जोडलेली, म्हणजे दोहोंना एकदम अंग लागले की जमिनीवाचून मंडल पुरे होते. ज्यास तेवढा खर्च नको, तो उन्हाळ्यात कांबींच्या मुळाशी रोज एक बादली पाणी ओततो.